एकाच वेळी उघडलेली नोंद

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने खिडकीजवळची खुर्ची सोडून भिंतीकडची निवडली आणि बसण्याआधी ती किंचित तिरकी करून घेतली. आपला उजवा कान आमच्याकडे यावा म्हणून तिने असे केले, हे मला थोड्या वेळाने उमगले. दुपार कलत होती. खालच्या पिठाच्या गिरणीतून ज्वारीचा कोमट वास जिन्याने वर येत होता. नौपाड्यातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत सगळ्याच वस्तूंवर पिठाचा एक झिरझिरीत थर असे: पत्रिकांच्या फायलींवर, टेलिफोनवर, कॉम्प्युटरच्या कळांवर. टाइप करताना बोटांची टोके मऊ होत, आणि आपण कळा दाबत नसून काहीतरी मळत आहोत, असे मला वाटे.

ती खोली एका वधूवर सूचक मंडळाची होती. टेबलामागे बाई बसत. त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि मंडळाचे काम विनामूल्य करत. मी त्यांच्या शेजारी, पडद्यासमोर. मंडळाच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणण्याचे काम माझ्याकडे होते.

"माझ्या नोंदीत एक ओळ घालायची आहे," ती म्हणाली. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झाले होते, त्यात गेला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं कुणी आपणहून लिहून घेत नाही गं. आईला विचारलंस का?"

"आईनंच पाठवलंय. ती खाली भाजी घेतेय. वर यायला तिला कसंतरी वाटतं." मग ती माझ्याकडे वळली. "दरवेळी पोहे आले की आई माझ्याकडे बघते आणि मी आईकडे. आता कुणी सांगायचं, म्हणून. ते मला नकोय. लोकांनी वाचून यावं. वाचून यायचं नसेल तर येऊ नये."

ती एकतीस वर्षांची होती, माजिवड्याच्या एका प्रयोगशाळेत काम करत असे, आणि तिच्या हातांना स्पिरिटचा थंड, स्वच्छ वास होता. मी तिची नोंद उघडली आणि लिहिले: डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवा कान उत्तम. तिने पडद्याजवळ येऊन वाचले. "'उत्तम' राहू दे," ती म्हणाली. "तो खरंच उत्तम आहे." मी 'जतन करा' हे बटण दाबले. पान क्षणभर पांढरे झाले आणि परत आले. आमच्या दृष्टीने काम झाले होते.

मी मराठी घेऊन एम. ए. केले, तेही कवितेवर. त्यानंतर एका हिवाळ्यात कॉम्प्युटरचा वर्ग लावला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले. नातेवाइकांना ही उडी विचित्र वाटे, मला वाटत नसे. एखादा शब्द कुठे उभा करायचा याचा विचार दोन्हीकडे सारखाच होता. कवितेत चुकीच्या जागी पडलेला शब्द वाचकाला हळूहळू टोचतो, इथे तो तत्काळ टोचे, एवढाच फरक. मंडळाचे काम हे माझे एकटीचे पहिले काम होते. नव्वदचे दशक सरत आलेले. टेलिफोनच्या तारेतून पाने उघडता येतात, याचेच आम्हाला तेव्हा पुरेसे नवल होते.

मंडळाची दुसरी खोली डोंबिवलीला होती. तिथे काकू बसत. त्यांची उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला यंत्र लावून गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा हात आपोआप रिसीव्हरकडे जाई. पूर्वी दोन्ही खोल्यांत पुठ्ठ्याच्या कार्डांची एकेक लाकडी पेटी होती. दर गुरुवारी कापडी पिशवीतून बदललेली कार्डे इकडून तिकडे जात. पेटीतून कार्ड काढले की त्या जागी आपले नाव लिहिलेली रंगीत पट्टी खोचायची, अशी पद्धत होती. बाईंची पट्टी हिरवी, काकूंची गुलाबी. पट्टी दिसली की समजायचे, हे कार्ड आत्ता कुणाच्या तरी हातात आहे.

मी ही सगळी पद्धत मोडली. कार्यकारिणीच्या सभेत मोठ्या ऐटीत सांगितले, "आता कार्ड एकच. दोन्हीकडे तेच दिसेल. पट्टी नको, पिशवी नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य चुकीचे होते, पण ते कळायला मला काही महिने लागले. पडद्यावर दिसते ते कार्ड नसतेच. ती त्या कार्डाची एका विशिष्ट क्षणीची आठवण असते. तळ्यात पडलेल्या झाडाच्या प्रतिबिंबासारखी ती समोर थरथरत राहते, आणि मूळ झाडाला दरम्यान नवे पान फुटले तरी या पाण्याला ते ठाऊक नसते.

पुढच्या आठवड्यात तिला बघायला शहाडचे एक कुटुंब आले. कल्याणपलीकडची सगळी घरे डोंबिवलीच्या खोलीकडे असल्याने ही गाठ काकूंनी घालून दिली होती. त्या रविवारी काय घडले ते तिने मला नंतर सांगितले, तिच्या नेमक्या, मोजून घेतलेल्या शब्दांत.

मुलगा अबोल होता. त्याची आई मात्र बोलकी, आणि ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. मुलीला भरून आले. तिला वाटले, या लोकांनी ओळ वाचली आहे, आणि वाचून, कसलाही गाजावाजा न करता, आपल्यासाठी आवाज चढवला आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती अशा बैठकीत मोकळेपणी हसली. निघताना दारात चपला घालता घालता मुलाची आई तिच्या डाव्या बाजूने काहीतरी म्हणाली. हिने उत्तर दिले नाही. ती पुन्हा म्हणाली. तेव्हा ही वळली आणि हसत म्हणाली, "त्या बाजूनं मला ऐकू येत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

त्यांना माहीत नव्हते.

सोमवारी शहाडहून काकूंना फोन गेला. फोनवर जे सांगितले गेले ते काकूंनी नियमाप्रमाणे तिच्या नोंदीत शेरा म्हणून लिहिले: मुलीकडच्यांनी माहिती लपवली. बुधवारी ती नौपाड्याच्या खोलीत आली. खुर्ची तिरकी करण्याइतकेही तिला भान नव्हते. तिने नोंद दाखवायला सांगितली. पडद्यावर शेरा होता. आमची ओळ नव्हती.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"तुम्ही लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"मग गेली कुठे?"

 आपण खरेच लिहिले की लिहिल्याचे स्वप्न पाहिले, असा भास मला संध्याकाळपर्यंत होत राहिला. बाईंनीही एकदा दबक्या आवाजात विचारलेच, "बटण दाबलं होतंस ना गं नक्की?"

"लग्न जमलं नाही त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "जमलंच कुठे होतं. पण मी लपवलं, असं इथे लिहून राहिलंय. उद्या कुणीही उघडून वाचेल. एवढं पुसा."

बाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली. शेरा ज्या घराचा त्यानेच मागे घ्यायचा, हा मंडळाचा पहिल्यापासूनचा नियम होता आणि तो बाईंनीच केला होता. निदान ओळ तरी पुन्हा घालते, असे मी म्हटले. तिने मला थांबवले.

"आता नका घालू. आता घातलीत तर पकडल्यावर लिहिल्यासारखी दिसेल."

त्या दिवशी संध्याकाळी मी काकूंना फोन केला. "मी काही पुसलं नाही हो," त्या म्हणाल्या. "मी फक्त फोन नंबर बदलला. बाकी कशाला हात नाही लावला." आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. मुलीच्या घरी बैठकीची वेळ ठरवायला त्यांनी नोंद उघडली. नंबर लागेना. तेव्हा नंबर सारखे बदलत असत. मग काकूंनी जुन्या मैत्रिणींना, त्यांच्या मैत्रिणींना, एकीच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करत करत फोन लावले. अर्ध्या-पाऊण तासाने नवा नंबर मिळाला. नोंद पडद्यावर उघडीच होती. त्यांनी नंबर घातला आणि जतन केले.

मी फोन ठेवला आणि ज्या यंत्रावर सगळ्या नोंदी राहत त्याची रोजनिशी काढून बसले. कोणते पान कुठून केव्हा उघडले, केव्हा जतन झाले, एवढेच त्यात असते, काय लिहिले ते नसते. त्या दुपारच्या चार ओळी एकाखाली एक होत्या. डोंबिवलीने उघडली. नौपाड्याने उघडली. नौपाड्याने जतन केली. डोंबिवलीने जतन केली. काकू आपल्या मैत्रिणींशी बोलत असताना त्यांच्या समोरचे पान जुने होत चालले होते, आणि त्यांनी नंबर घालून बटण दाबले तेव्हा नुसता नंबर गेला नव्हता. पाऊण तासापूर्वीचे अख्खे पान, आमच्या ओळीविना, मूळ नोंदीवर जाऊन बसले होते. मी केलेली व्यवस्था इतकी भाबडी होती की शेवटी जो आला त्याचेच तिने खरे मानले.

मुलीला मी हे समजावून सांगितले तेव्हा तिने त्या चार ओळी दोनदा वाचल्या.

"म्हणजे काकूंनी माझी ओळ पाहिलीच नाही."

"नाही."

"न पाहताच पुसली."

"हो."

"मग त्यांना रागवायचं तरी कसं," ती म्हणाली. ती मलाही रागावली नाही, आणि तेच मला जड गेले.

शहाडला जाऊन चूक कबूल करायची, हे मी ठरवले होते. पण बाईंनी विचारले, "काय सांगशील त्यांना? चूक झाली आणि उद्याही होऊ शकेल, असं?" म्हणून आधी दुरुस्ती हाती घेतली.

पहिला उपाय सुचला तो अर्थातच पट्ट्यांचा. कुणी नोंद उघडली की ती त्याच्या नावे बंद व्हायची, दुसऱ्याने उघडली तर 'ही नोंद डोंबिवलीकडे आहे' असे दिसायचे. मला ते सुंदर वाटले, हिरव्या आणि गुलाबी पट्ट्या पुन्हा जिवंत झाल्यासारखे. ते चार दिवस टिकले. काकूंनी पाच नोंदी उघडल्या आणि त्या बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला कल्याणला गेल्या. नौपाड्यात बाईंना त्या पाचांतले एकही पान उघडेना.

"तुझ्या काकू किल्ली कमरेला लावून गेल्यात," बाई म्हणाल्या. "डोहाळजेवण एकीचं आणि लग्नं अडलीत पाच जणांची."

परत आल्यावर काकूंना मी विचारले तर त्या दुखावल्या. "अगं, मी कॉम्प्युटर बंद करून, वर रुमाल घालून गेले. किल्ली कसली नेतेय मी?"

त्यांचे बरोबर होते, पण कॉम्प्युटर बंद केला तरी नोंदींवरचे त्यांचे नाव सुटत नव्हते. उठून गेलेले माणूस आणि नुसते गप्प बसलेले माणूस, दोन्ही तारेच्या या टोकाला सारखेच असते. पुठ्ठ्याची पट्टी डोळ्यांना दिसे, हात लावला की कळे, आणि फारच वेळ राहिली तर बाई ती सरळ उपटून टाकत. माझी पट्टी कुणाला दिसत नव्हती.

त्यानंतर काही दिवस मी संध्याकाळी तलावपाळीला जाऊन बसे. कडेच्या दिव्यांचे रंग पाण्यात लांब होत होत विरघळत. होड्या संथपणे वळत, ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास येई. तिथे बसून मी विचार करत असे की कुणालाही अडवू नये आणि तरीही कुणाचे लिहिलेले बुडू नये, असे कसे करता येईल. सुचले ते फार साधे होते, आणि दुसरीकडे ते कुणी कधीच करून ठेवले असणार. प्रत्येक नोंदीला एक आकडा द्यायचा. नोंद बदलली की आकडा एकाने वाढवायचा. पान उघडणाऱ्याच्या हाती तो आकडा गुपचूप द्यायचा. उघडा हवे तितक्यांनी, बसा हवा तितका वेळ, जा डोहाळजेवणाला. परत येऊन जतन कराल तेव्हा तुमच्या हातातला आकडा आणि नोंदीचा आकडा एकच असेल तर लिहिलेले आत घ्यायचे. नसेल तर थांबवायचे, आणि तुम्ही लिहिलेले व आता असलेले, अशी दोन्ही पाने शेजारी शेजारी दाखवायची. निवाडा माणसाने करायचा.

थांबवताना काय म्हणायचे, यावर मी दोन दिवस घालवले. प्रथम लिहिले होते, 'जतन अयशस्वी'. काकूंनी ते फोनवरच मोडीत काढले. "अयशस्वी काय गं, दहावीचा निकाल लावल्यासारखं. मी काय नापास झाले?" मग मी लिहिले: तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर तिच्यात बदल झाला आहे. कृपया आधी तो वाचा. तुमचे लिहिलेले इथेच आहे. शेवटचे वाक्य काकूंसाठी होते. आपले गेले, ही भीती माणसाला सगळ्यात आधी वाटते.

मग मी शहाडला गेले, रोजनिशीचे ते पान छापून घेऊन. घर कारखान्याच्या भिंतीला लागून होते. भिंतीपलीकडून एक अखंड, जाड घरघर येत होती आणि तिच्याखाली कप-बशा बारीक कंप पावत होत्या. मुलाच्या आईने दार उघडले आणि "या, बसा," म्हणाली. मी दचकले. तो आवाज दोन घरांपलीकडे सहज गेला असता.

मी चूक सांगितली. चार ओळींचा कागद पुढे केला. तिने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"मला यातलं काय कळणार? पण समोर बसून तासभर हसत होती, तेव्हा का नाही बोलली?"

"तिला वाटलं तुम्ही वाचून आला आहात. तुम्ही मोठ्यानं बोलत होतात, सावकाश. तिला वाटलं, तिच्यासाठीच."

ती हसू लागली. "मी तिच्यासाठी मोठ्यानं बोलले? बाई, मी दूधवाल्याशीपण अशीच बोलते. पंचवीस वर्षं मशिनीवर काढली. आमच्याकडे हळू बोललेलं ऐकतंय कोण." मग तिचे हसणे मध्येच थांबले.  "म्हणजे ती मला चांगली समजत होती तेव्हा," ती म्हणाली, "आणि मी बाहेर पडून हे लिहायला लावलं. मुलगा म्हणत होता, आई, असू दे. मीच ऐकलं नाही." तिने कागदाची घडी घालून तो डब्याखाली ठेवला. "गुरुवारी येते मी. काय सही-बिही लागेल ती करते."

गुरुवारी ती आली. बाईंनी तिला माझ्याजवळची खुर्ची दिली. मी नोंद उघडली आणि ती सांगेल तसे लिहू लागले. मी दिलेला शेरा मागे घेते. मुलीने काही लपवले नव्हते. बाईंनी सुचवले, "चूक मंडळाची होती, हेही घाला." ती म्हणाली, "चूक कुणाची ते राहू द्या. लपवलं नव्हतं, एवढंच ठळक दिसू दे." या एका शब्दावर, 'ठळक'वर, त्या दोघींचे काही वेळ बोलणे झाले. मग मी बटण दाबले.

पान आत गेले नाही. माझेच वाक्य समोर उभे राहिले: तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर तिच्यात बदल झाला आहे. कृपया आधी तो वाचा. इतके दिवस मी ते नुसते तपासून पाहिले होते, खरोखर कामाला ते त्या दिवशी पहिल्यांदा आले. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात शहाडच्या बाईंचे शब्द होते. उजव्या अर्ध्या भागात, आम्ही 'ठळक'वर बोलत होतो तेवढ्या वेळात, डोंबिवलीहून काकूंनी लिहिलेले: मुलीच्या विनंतीवरून नाव बंद.

"म्हणजे काय?" मुलाच्या आईने विचारले.

"तिनं नाव काढून घेतलं," बाई म्हणाल्या. "आत्ताच. काकूंना फोन केलेला दिसतोय." आणि चष्मा काढत, "बंद नोंद कुणाला दाखवत नाही आपण. आता लिहून तसा उपयोग नाही."

आधीची व्यवस्था असती तर आमच्या पानाने त्या मुलीचा निर्णय बुडवला असता, आणि तिला पुन्हा कुणीतरी बघायला गेले असते. हे माझ्या मनात आले. मुलाची आई मात्र दोन्ही अर्ध्यांवरून बोट फिरवत वाचत होती.

"तिला फोन लावा," ती म्हणाली.

मी लावला आणि रिसीव्हर तिच्या हाती दिला. तिने सगळे सांगितले, तिच्या नेहमीच्या आवाजात. खालच्या गिरणीवाल्यालाही ते ऐकू गेले असणार. मी आले होते, शेरा काढायला आले होते, तू लपवलं नव्हतंस, मला तेव्हा माहीत नव्हतं. मग ती ऐकत राहिली. पलीकडचा आवाज आमच्यापर्यंत पोचत नव्हता. आम्हाला फक्त तिचे "हं", "हो", आणि मग बऱ्याच वेळाने एक "बरं" ऐकू आले. तिने रिसीव्हर कानापासून दूर केला आणि तळव्याने झाकला.

"नाव बंदच ठेवा म्हणते. माझं लिहिलेलं राहू द्या म्हणते. आणि तिची कुठली ओळ आहे म्हणे, ती आता घाला. तुम्हाला माहितीये म्हणाली."

मी नोंद पुन्हा उघडली. काकूंचा बदल तिच्यात होता. त्याखाली शहाडच्या बाईंचे शब्द उतरवले, आणि वरती, जिथे ती ओळ पहिल्यांदा होती तिथे, ती पुन्हा लिहिली. बाईंनी चष्मा लावून तिन्ही गोष्टी मोठ्याने वाचल्या, फोनपलीकडे ऐकू जातील अशा. मुलाच्या आईने रिसीव्हर त्यांच्या तोंडासमोर धरला होता. वाचून झाल्यावर तिने तो परत स्वतःच्या कानाला लावला, क्षणभर ऐकले आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मी जतन केले.